माणशी एक कॅमेरा

"आंटी, स्वल्प साइड. फ्रेम में आ रहे हो."

यशश्रीनं डोळ्याला लावलेला कॅमेरा खाली घेतला आणि ती बाजूला झाली. बोलणाऱ्याच्या आवाजात उर्मटपणा मुळीच नव्हता. लग्नासाठी ठरवलेला फोटोग्राफर होता तो. काळा टी-शर्ट, गळ्यात दोन कॅमेरे आणि मागं पांढरी छत्री उघडून उजेड धरणारा जोडीदार. त्यांचं काम त्यांनी करायला हवंच होतं.

चामराजपेटेतल्या घराच्या गच्चीवर मांडव घातला होता. सकाळचं ऊन कापडातून गाळून खाली येत होतं. मधोमध पाटावर यशश्रीच्या थोरल्या दिरांची मुलगी भव्या बसली होती. नवऱ्या मुलाकडून उष्टी हळद आली होती आणि दोन्हीकडच्या बायका तिच्याभोवती कोंडाळं करून उभ्या होत्या.

यशश्री उजवीकडून पुढं गेली, तर तिथं हर्ष गुडघ्यावर बसला होता. हर्ष भव्याचा मामेभाऊ, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला. त्याच्या नव्या कॅमेऱ्याची लेन्स तांब्याएवढी होती.

"काकी, तुमचा जुना झाला हं आता," तो मान न वळवता म्हणाला. "एक्सचेंजमध्ये देऊन टाका. हा बघा, डोळा शोधून आपोआप फोकस करतो. आपण नुसतं दाबत राहायचं."

"छान आहे की," ती म्हणाली.

डावीकडं नवऱ्या मुलाची बहीण आणि तिचा नवरा होते. दोघांच्या हातात दोन कॅमेरे. मागं एका खुर्चीवर चढून कुणी पाहुणा खालचं टिपत होता. माणशी एक कॅमेरा झाला होता. यशश्री एक पाऊल मागं आली, मग आणखी एक. शेवटी पाठीला पाण्याच्या टाकीचा गारवा लागला तेव्हा ती थांबली.

टाकीच्या सावलीत चटई टाकून सगुणाबाई विडे करत बसल्या होत्या. त्या यशश्रीच्या सासऱ्यांची बहीण. घरातली सगळीजणं त्यांना आत्याच म्हणत.

"झालं का तुझं?" त्यांनी विचारलं.

"त्यांची माणसं आहेत आता, आत्या. पुष्कळ आहेत."

सगुणाबाईंनी पानांचं ताट थोडं पुढं ओढलं आणि चटईवर बसण्यापुरती जागा केली. "बैस मग."

यशश्री बसली. कॅमेरा मांडीवर ठेवला आणि एक पान उचलून त्याचा देठ खुडू लागली. या चटईवर ती फार दिवसांनी बसत होती.

यशश्रीचा नवरा रघुनंदन एका सकाळी दाढी करताना पडला तो उठलाच नाही. वर्षश्राद्ध झाल्यानंतर घरात पहिलं कार्य निघालं ते एका पुतणीच्या डोहाळजेवणाचं. यशश्री नेहमीसारखी ओटीचं ताट घेऊन पुढच्या खोलीत गेली. कुणी काही बोललं नाही. फक्त बोलणं थांबलं. तेवढ्यात सगुणाबाईंनी येऊन तिचा हात धरला आणि हलकेच म्हणाल्या, "चल यशू, आपण आत बसू. कुणी काही बोलायच्या आत आपणच उठलेलं बरं."

त्यांना ते ठाऊक असणारच. त्या सव्वीस वर्षांच्या असताना, नवरा गेल्यावर, आनेकलहून माहेरी परत आल्या होत्या आणि तेव्हापासून प्रत्येक कार्यात मागच्या खोलीत बसत आल्या होत्या. त्यांच्या हाताखालून आजवर किती विडे, किती लाडू, किती अक्षता गेल्या असतील. त्यांनी यशश्रीला मागं नेलं ते मायेनंच. त्या दिवशी दोघींनी मिळून शंभरेक माणसांच्या कोशिंबिरीच्या काकड्या चोचवल्या. पुढच्या खोलीतून गाणी ऐकू येत होती. यशश्रीला राग आला नाही. राग यायला समोर कुणीतरी असावं लागतं.

पुढं कितीतरी कार्यांना ती अशीच मागं बसली. एरवी आठवडाभर ती पीण्या भागातल्या एका कारखान्यात माल पाठवण्याचं खातं सांभाळायची. तिच्या सहीशिवाय ट्रक फाटकाबाहेर पडत नसे. घरी कार्य निघालं की मात्र काकडी आणि चाकू.

कारखान्यातल्या संतोषकुमारला पक्ष्यांचे फोटो काढायचं वेड होतं. दर रविवारी कुठल्या ना कुठल्या तळ्यावर जायचा. दरवर्षी बाजारात नवा कॅमेरा आला की त्याला आपला जुना नकोसा व्हायचा. असाच एक त्याचा जुना यशश्रीनं घेतला. का घेतला, ते तिला नीटसं सांगता आलं नसतं. संतोषकुमार म्हणाला होता, "घ्या मेडम. फोनमधून दिसतं त्याच्यापेक्षा वेगळं दिसतं ह्याच्यातून." जेवणाच्या सुट्टीत त्यानं तिला तो शिकवला. ती फाटकापाशी झोपलेल्या कुत्र्याचे, स्क्रॅपच्या ढिगावर पडलेल्या उन्हाचे फोटो काढायला लागली. लेथवर कातलेल्या पोलादाची निळी-जांभळी वळणं इतकी देखणी असतात हे तिला वीस वर्षांत दिसलं नव्हतं.

मग दिव्यश्रीच्या बाळाचं बारसं आलं. दिव्यश्री भव्याची थोरली बहीण. बारशाला यायचा तो फोटोवाला ऐनवेळी आजारी पडला आणि कुणीतरी म्हणालं, "यशश्रीकाकीकडं मोठा कॅमेरा आहे की." तिला मागच्या खोलीतून बोलावून आणलं. ती दारातूनच काढू लागली, तर जाऊबाईच म्हणाल्या, "अगं, इतक्या लांबून काय दिसणार? पाळण्याजवळ ये."

ती पाळण्याजवळ गेली. वाकली. बाळाच्या कानात नाव सांगणाऱ्या त्याच्या आत्याचे ओठ तिच्यापासून वीतभर लांब होते. कुणाचं बोलणं थांबलं नाही. कॅमेरा डोळ्याला लावला की बाईचं अर्धं कपाळ झाकतं, आणि उरलेल्या अर्ध्याकडं कुणी बघत नाही.

त्यानंतर तिच्याशिवाय कार्य होईना. मुंजी, डोहाळजेवणं, साठीशांत. मांडवात सगळ्यांत पुढं ती असायची, स्टुलावर चढून नाहीतर जमिनीवर बसून. बायका आपणहून पदर सारखा करून तिच्यासमोर उभ्या राहायच्या. फोटोंच्या प्रती काढून ती घरोघरी पोचवायची. त्या सगळ्या फोटोंत ती स्वतः कुठंच नव्हती, पण त्याचं तिला काही वाटत नसे. आपण तिथं होतो, एवढं तिला पुरत असे. सगुणाबाई तेवढ्या मागं एकट्या पडल्या. त्यांनी कधी तसं बोलून दाखवलं नाही. उलट कार्य झालं की विचारायच्या, "दाखव बघू, काय काय झालं पुढं?" आणि कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर डोळे बारीक करून सगळं बघायच्या.

"आज काही दाखवायला नाही गं तुला," सगुणाबाई आता विड्याला लवंग टोचत म्हणाल्या.

"दोनचार काढलेत."

"असू दे. ते लोक अल्बम देतील की. मोठा असतो म्हणे, उचलत नाही."

कोंडाळ्यातून हसण्याचा आवाज आला. बहुतेक सगळ्या बायकांची हळद लावून झाली होती. मग भव्याचा आवाज आला.

"काकी कुठं आहे?"

"कुठली काकी?" तिची आई स्मिता म्हणाली.

"मला काक्या आहेत किती? यशश्रीकाकी."

"ती फोटो काढतीय गं."

"फोटो काढायला सहा जण आहेत, अम्मा. ती त्यांच्यात नाही. मी बघतीय की मघापासून."

स्मितानं व्याह्यांकडच्या बायकांकडं एकदा पाहिलं. ती वाईट बाई नव्हती. रघुनंदन गेल्यावर महिनाभर तिनंच यशश्रीला जेवू घातलं होतं. पण आज नव्या माणसांसमोर काय बोलावं ते तिला सुचत नव्हतं.

"भव्या, आता आंघोळीची वेळ झाली," ती हळू आवाजात म्हणाली.

"काकीनं हळद लावली की करते आंघोळ."

गच्चीवर तीच ती शांतता पसरली. यशश्रीला ती लांबूनही ओळखू आली. हातातलं पान तिनं ताटात ठेवलं आणि उभी राहून तिथूनच म्हणाली, "भव्या, असू दे गं. माझे हात रिकामे नाहीत." तिनं कॅमेरा वर करून दाखवला.

"मग दे कुणाकडं तरी."

"तू आंघोळ करून घे. पुढं मुहूर्त आहे."

"हळद पुरी झाल्याशिवाय पाटावरून उठायचं नाही ना?" भव्या म्हणाली. तिचा चेहरा हळदीनं माखला होता, त्यामुळं ती हसते आहे की रडायला आली आहे ते कळत नव्हतं. "तू येत नसशील तर मी उठून येते तिथं."

आणि तिनं खरोखरच एक गुडघा उचलला. पिवळी साडी पाटाला चिकटली होती ती सोडवायला लागली.

"बस, बस गं खाली," स्मिता घाईनं म्हणाली. तिनं मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. मग यशश्रीकडं बघून, जरा वेगळ्याच आवाजात म्हणाली, "ये तू. ये लवकर. हिचं तुला माहीत आहे की."

हर्ष पुढं आला आणि त्यानं हात पसरला. "द्या काकी, मी धरतो कॅमेरा."

पण यशश्रीच्या गळ्यातला पट्टा कुणीतरी मागून ओढत होतं. तिनं वळून पाहिलं. सगुणाबाई उठून उभ्या होत्या. चटईवरून उठायला त्यांना नेहमी कुणाचा तरी हात लागायचा. आज त्या टाकीला धरून आपणच उठल्या होत्या.

"आण इकडं," त्या म्हणाल्या.

"आत्या, जड आहे तो."

"आण म्हटलं ना." त्यांनी पट्टा यशश्रीच्या डोक्यावरून काढला आणि स्वतःच्या गळ्यात घातला. फिकट राखाडी साडीवर तो काळा कॅमेरा हेलकावला. "कुठं दाबायचं?"

"हे बघा, इथं. या पडद्यात बघायचं."

"सरी, कळलं. जा तू."

"आत्या…"

"जा. मी बघते."

यशश्री गेली. कोंडाळ्यानं तिला वाट दिली. स्मितानं हळदीची वाटी पुढं केली. त्या वाटीत हात घालताना तिला एकदम आठवेना की आधी काय करतात. गाल आधी की पाय? भव्यानं आपणहून गाल पुढं केला. हळद गार होती, त्याखालचा गाल ऊन. यशश्रीनं दोन्ही गालांना लावली, मग हातांना, मग खाली बसून पावलांना. पावलांना लावताना तिचा वेळ थोडा जास्तच गेला.

"गुदगुल्या होतायत, काकी," भव्या म्हणाली.

"होऊ देत."

मागून कॅमेऱ्याचा आवाज येत होता. खटखटखटखट. थांबतच नव्हता. सगुणाबाईंनी बटणावरचं बोट एकदा दाबलं ते उचललंच नव्हतं. व्याह्यांकडची एक म्हातारी बाई हसली, तिच्यामागं आणखी दोघी हसल्या, आणि गच्ची पुन्हा बोलायला लागली. कुणीतरी आंघोळीच्या पाण्याची चौकशी केली. स्मितानं पदरानं डोळे टिपले आणि हळद डोळ्यात गेली म्हणून सांगितलं.

यशश्री उठली. मनगटापर्यंत दोन्ही हात पिवळे झाले होते. ते अंगापासून लांब धरून ती टाकीकडं वळली, तर चटईवर विड्यांचं ताट तेवढं होतं. सगुणाबाई तिथं नव्हत्या.

त्या मांडवाच्या खांबापर्यंत आल्या होत्या. एका हातानं खांब धरला होता, दुसऱ्या हातात कॅमेरा. मान खाली घालून त्या पडद्यात बघत होत्या. मग त्यांनी खांब सोडला आणि एक पाऊल टाकलं. थांबल्या. दुसरं टाकलं. समोर व्याह्यांकडच्या दोघीजणी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"वाट द्या गं जरा," सगुणाबाई म्हणाल्या. "मला पोर दिसत नाही."

त्या दोघींनी वळून पाहिलं आणि बाजूला झाल्या. सगुणाबाई त्यांच्यामधून पुढं गेल्या, पाटापाशी, जिथं हळदीचं पाणी सांडून फरशीवर पसरलं होतं. यशश्रीला त्यांना पाण्याचं सांगावंसं वाटलं, पण तिनं सांगितलं नाही. पडद्यावरची नजर न काढता त्या भव्याचा चेहरा शोधत होत्या, आणि त्यांची अनवाणी पावलं पिवळी होत होती.