चिडायला ठेवलेला माणूस

बेळगावच्या कॅम्पातल्या डॉक्टरांनी ह्यांच्या दंडावरचा बीपीचा पट्टा सोडला आणि सांगितलं, "भरमाण्णा, आजपासून चिडायचं नाही. एक दिवस चिडता चिडताच जाल." हे ऐकून आमचे हे डॉक्टरांवरच चिडले.

ह्यांना चिडू नका म्हणणं म्हणजे म्हशीला रवंथ करू नको म्हणण्यासारखं. नळाला पाणी आलं नाही की चिडायचे, आलं की एवढ्या पहाटे का आलं म्हणून चिडायचे. रेल्वेचं गेट पडलं की गाडीवर, उघडलं की पुढच्या रिक्षावर. मी शाळेत शिकवते. अख्ख्या वर्गाचा कालवा ऐकून घरी आले की मला वर्गच बरा वाटायचा. पण 'एक दिवस जाल' एवढं डॉक्टरांचं वाक्य काही डोक्यातून जाईना.

पिरनवाडीला आमच्या घरी येईपर्यंत मी ठरवून टाकलं. आपण शेत वाट्यानं लावतो, भांड्याला बाई ठेवतो, मग चिडायला माणूस ठेवला तर बिघडलं कुठं?

आधी शेजारच्या जयाबाईंना लावून बघितलं. त्या दूधवाल्याला झापायला म्हणून गेल्या आणि त्याच्या लेकीला स्थळ सुचवून आल्या. ह्यांच्या तोडीचं चिडणारं माणूस गावात एकच होतं, माझे धाकटे दीर, मष्णू. पण दोघा भावांचं बोलणं सासूबाई गेल्यापासून बंद. सासूबाईंनी अंथरूण धरलं तेव्हा भावजी गोव्यात कामाला होते. निरोपावर निरोप गेले, आणि हे महाशय आले ते राख सावडून झाल्यावर. त्या दिवशी ह्यांनी त्यांना दारातूनच परत लावून दिलं. भावजी पुढं गावातच राहिले, पण एका गल्लीत राहून दोघं एकमेकांना दिसायचे नाहीत.

मी भावजींना गाठलं. "ह्यांच्या वाट्याचं चिडाल काय?"

त्यांनी विचारलं, "न्हायतर अण्णा मरंल काय, वहिनी?"

"डॉक्टर तसंच म्हणाले."

"मग करतो की. आत यायला लागत न्हाय न्हवं?"

"न्हाय. अंगणातनंच."

दुसऱ्या दिवसापासून भावजी इस्त्रीचा शर्ट आणि पांढरी टोपी घालून अंगणात हजर. हे आतून तक्रार सांगायचे, मी ती बाहेर पोचवायची, भावजी जाऊन चिडून यायचे. सरकारी कचेरीत सगळं कानडीतून, आणि राग आला की ह्यांचं कानडी पळून जायचं. भावजींचं मात्र रागात असं फुलायचं, की तिथल्या साहेबानं त्यांना बसवून चहा पाजला.

पण माणूस कामाला भलता काटेकोर. "वहिनी, अण्णाला विचारा, लई चिडायचं का थोडं?"

"लई! चांगला सोल म्हणावं!" हे आतून गरजायचे. सुरुवातीला सगळंच लई असायचं. मग भावजींचे प्रश्न वाढले. "दुधात पाणी आजच हाय का रोजचंच? चहा बिघडला काय?"

हे विचार करत बसायचे. "चहा... बरा हुता की."

"मग जाऊ का नको?"

"ऱ्हाऊ दे."

असं सांगता सांगता एकेक तक्रार ह्यांच्याच तोंडात विरायला लागली. एकदा कुत्र्यानं नवी चप्पल पळवली. "एकच न्हेली, म्हंजे त्याला हौस हाय, गरज न्हाय," असं म्हणून हे चक्क हसले. हे हसणं आजारपणाचंच काही लक्षण असेल, असं मला वाटून गेलं.

शेवटी भावजींना कामच उरेना. नुसते बसून असायचे. काम संपलं की ह्या अंगणात यायचं कारण संपणार, हे त्यांच्या तोंडावर मला दिसत होतं, आणि मला त्यांची फार दया आली.

"वहिनी, विचारा की. जुनंपानं काय ऱ्हायलंय का."

मी विचारायच्या आत हे स्वतः दारात आले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा भावाकडं बघून बोलले. "एक राग हाय. तुझ्यावरचाच हाय."

भावजींनी मान डोलवली. "लई का थोडं?"

"लई."

"बरं." त्यांनी डोक्यावरची टोपी काढून खुर्चीवर ठेवली आणि तिच्यावर सुरू झाले. "मष्ण्या, नालायका! आई दाराकडं बघत बघत गेली, तवा तू कुठं हुतास रं? फोन आलता का न्हाय तुला?"

जयाबाई गडग्याच्या भिंतीवरून डोकावल्या. टोपी गप्प.

"म्हापशाच्या स्टँडवर बसलतास, व्हय का न्हाय? बेळगावची गाडी म्होरनं सुटली, चढला न्हाईस. दुसरी सुटली, चढला न्हाईस. का, तर आईला तसली बघवणार न्हाय! भित्र्या! लोकं बघाय लागली तरी तितंच रडत बसलास, आणि हितं अण्णानं एकट्यानं सगळं केलं!"

हे स्टँडचं आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. भावजींचा आवाज फाटला, तरी ते थांबेनात. "तुझ्यासारखा भाऊ असण्यापरीस..."

"बास," हे म्हणाले.

"अजून हाय, अण्णा. लई म्हणालास तू."

"बास म्हणतो न्हवं!" हे तरातरा अंगणात उतरले, टोपी उचलून छातीशी धरली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "माझ्या भावाला एक शब्द बोलायचा न्हाय! कोण रं तू त्याला बोलणारा?"

भावजी घाबरून मागं सरले. "मी... तुझाच माणूस, अण्णा."

मला वाटलं, आता हे कोसळतात. कोसळले नाहीत. टोपी हातात घेऊन तसेच उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "आई जाताना काय म्हणाली, ठावं हाय तुला?"

"न्हाय. कोण सांगणार मला?"

"मष्णू आला की आधी त्याला जेवाय घाल म्हणाली. मग काय बोलायचं ते बोल म्हणाली." ह्यांनी टोपी भावजींच्या डोक्यावर ठेवली. "आणि मी आधी बोललो."

मी आत जाऊन भाकरी थापायला घेतल्या, आणि मला रडू आवरेना.