पाच घरांचा ओव्हन

मित्रांनो, आज माझ्या पोटात कांदे भरलेले आहेत, पण तेवढ्यावरून मला टोपली समजू नका. मी ओव्हन आहे. जुना, गोल, अॅल्युमिनियमचा, झाकणावर काचेची वाटोळी खिडकी असलेला. माझी वायर काढून इस्त्रीला लावली, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. तरी अंगातली ऐट काही जात नाही.

माझा जन्म पत्रे ठोकणाऱ्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथले फारसे आठवत नाही. पुष्कळ ठोकाठोक झाली, मग तळाशी तारेचे वेटोळे बसवले, आणि पहिल्यांदा वीज सोडली तेव्हा पोटात ऊब पसरली. तेवढे मात्र मी अजून विसरलो नाही. पुढे सीताबर्डीच्या एका दुकानात मी काचेमागे बसून राहिलो. लोक थांबत, माझ्या खिडकीत डोकावत आणि शेवटी कुकर घेऊन जात.

शहात्तर सालची दिवाळी झाली आणि अजनीच्या रेल्वे क्वार्टरांमधल्या पाच बायकांनी मिळून मला घरी नेले. पाच जणींचा म्हणून मी कुणा एकीचा झालो नाही, आणि त्याचा मला फार अभिमान होता. ही सगळी खटपट कुसुमावतीची. तिच्या बहिणीकडे, रामदासपेठेत, तिने घरी भाजलेला केक खाल्ला होता. तेव्हापासून तिला चैन पडत नव्हते.

तिने पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितले, "दर शनिवारी दुपारी हा एकीच्या घरी राहीन. तिनं असं काही भाजाचं, जे आपल्या लाइनीत आजवर कोनी भाजलं नाही. जमते का पाहू."

गोदूबाई त्यांच्यात वयाने मोठ्या. माहेर उमरेडचे, हातमागावर विणणाऱ्यांचे. बोलणे ठासून, आणि शब्द खाली पडू द्यायच्या नाहीत. त्यांनी त्यात आपला नियम घातला. "अन् जळलं तरी सगळ्याईनं खाचं. अन्न फेकाचं नाही."

हा नियम लक्षात ठेवा, मित्रांनो. तो गोदूबाईंचाच होता.

पहिल्या शनिवारी कुसुमावतीने बिनअंड्याचा केक केला. तो फुगतो आहे का हे पाहायला तिने माझे झाकण सात वेळा उघडले. खिडकी कशासाठी दिली आहे, असे मला ओरडून सांगावेसे वाटले. केक बसला तो बसलाच. सगळ्यांनी तो चहात बुडवून खाल्ला, गोदूबाईंनी दोन तुकडे घेतले. पुढच्या आठवड्यात एकीने पाव केला, तो सुरीला दाद देईना. एकीने माझ्यात रोडगे भाजून पाहिले. गोवरीच्या विस्तवाचा वास नाही म्हणून सगळ्यांनी नाके मुरडली, पण नियम म्हणजे नियम, वरणात चुरून संपवले. अशी माझी वरात दर आठवड्याला एका दारातून दुसऱ्या दारात जायची. कोणाच्या घरी तिखट किती आणि कोणाची सासू काय बोलते, हे मला सगळे ठाऊक झाले.

चौथ्या शनिवारी मी कांताबाईकडे गेलो.

कांताबाई तिशीतली. नवरा रुपराव रेल्वेत फिटर. लाइनीत ती वर्षभरापूर्वीच आली होती. तिच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. छप्पन साली, दहा वर्षांची असताना, पांढरे लुगडे नेसलेल्या आईचा हात धरून ती दीक्षेला गेली होती. त्या दिवशी तिच्या घराने जुना धर्म सोडला आणि जातीचे ओझे खाली ठेवले. पण त्यांनी ओझे ठेवले म्हणून इतरांनीही ते विसरावे, असे होत नाही.

तिने मला ओल्या फडक्याने पुसले, मग कोरड्या फडक्याने पुसले. स्टुलावर घडी घातलेली चादर अंथरून मला वर बसवले. इतका मान मला पूर्वी कुणी दिला नव्हता. गोदूबाई अंडे खात नाहीत हे आठवून तिने रव्याचा केक केला, दह्यातला. झाकण एकदाही उघडले नाही. खिडकीतून बघत उभी राहिली. केक असा फुगला की मीच चकित झालो.

पाच बशा मांडल्या. गोदूबाईंनी बशी हातात घेतली आणि परत खाली ठेवली.

"मले आज उपास आहे वं," त्या म्हणाल्या. "शनिवार धरला मी."

"अवं, पण मांगच्या शनिवारी..." कुसुमावती बोलायला गेली आणि अर्ध्यावर गप्प झाली.

"चहा तरी घ्या," कांताबाई म्हणाली.

"चहाही नको."

उपासाला चहा चालतो, हे एव्हाना मला, एका पत्र्याच्या ओव्हनला, माहीत झाले होते. कांताबाईला माहीत नसेल का? सगळ्या गेल्यावर तिने तो तुकडा वाटीखाली झाकून ठेवला, आणि रुपराव कामावरून आले तेव्हा त्यांना दाखवला.

रुपरावांनी तुकड्याकडे पाहिले. "देऊन टाक तो ओव्हन त्याईचा त्याईले. आपल्याले काय गरज पडली?"

"काहून देऊ? माह्याही पाचवा वाटा आहे त्याच्यात," कांताबाई म्हणाली. "अन् उपासच आहे ना त्याईले? मंग पुढच्या पाळीले मी उपासाचंच करीन."

"अन् तेही नाही खाल्लं तं?"

तिने तुकड्यावर वाटी पुन्हा झाकली. "तं मंग मी शनिवार सोडून देईन. पुन्हा नाही जानार."

हे ऐकून मला धसका बसला. मी पाच घरांचा ओव्हन होतो. चार घरांचा व्हायची माझी मुळीच इच्छा नव्हती.

पुढचा शनिवार गोदूबाईंचाच होता. त्यांनी नानकटाई केली. भाजायला लागल्यावर वास सुटला तशा बाकीच्या सगळ्या स्वयंपाकघरात येऊन माझ्या खिडकीशी गर्दी करू लागल्या. कांताबाई मात्र बाहेरच्या खोलीत खाटेवर बसून होती. तिला कुणी आत ये म्हटले नाही, आणि येऊ नको असेही म्हटले नाही. नानकटाईची बशी बाहेर आली तेव्हा तिने ती खाल्ली आणि छान झाली म्हणून सांगितले. गोदूबाईंनीही त्या दिवशी तीन खाल्ल्या. शनिवारच होता. मी मोजल्या, पण मला काच होती, वाचा नव्हती.

पाच आठवड्यांनी कांताबाईची पाळी परत यायची होती. तिच्या घरात छप्पन सालापासून कसला उपास नव्हता, त्यामुळे उपासाला काय चालते हे तिला नीट ठाऊक नव्हते. तिने कुसुमावतीला गाठले. शिंगाड्याचे पीठ चालते, राजगिरा चालतो, साजूक तूप चालते. सोड्याचे विचारले तेव्हा कुसुमावती म्हणाली, "चालते वं, आमच्या घरी तं चालते." कांताबाईने सगळे कागदावर लिहून घेतले. काटोलहून तिच्या भावाने बसने संत्र्यांची पिशवी पाठवली. मी इतरांच्या घरी असायचो, म्हणून ती पातेल्यात वाळू तापवून त्यात डबा ठेवून सराव करायची. पहिला केक, असे मी पुढे तिच्याच तोंडून ऐकले, विटेसारखा झाला. दुसरा चांगला फुगला, पण तळाला असा चिकटला की उलथन्याने खरवडावा लागला.

मग तो शनिवार आला. तिने तूप आणि साखर हाताने इतकी फेसली की खांदा दुखायला लागला. शिंगाड्याचे पीठ, दही, संत्र्याचा रस, किसलेली साल घातली. या वेळी चिकटू नये म्हणून डब्याला तुपाचा हात फिरवला, वर चिमूटभर पीठ भुरभुरले, डबा ठोकून सगळीकडे पसरवले आणि माझ्यात ठेवला. मी त्या दिवशी जीव ओतून तापलो. घरभर संत्र्याचा वास गेला.

सगळ्या जमल्या. "गोदूबाई, आज उपासाचा केक आहे," कांताबाई म्हणाली. "शिंगाड्याचा. तुमच्यासाठी."

गोदूबाईंनी पदर सावरला. कांताबाईने डबा ताटात उपडा केला, केक अलगद सुटला, एक तुकडा कापून तिने बशीत घालून गोदूबाईंपुढे ठेवला. आणि तिचा हात थांबला. केकच्या तळाला पांढरे डाग होते.

मैदा होता तो. डब्याला मैदा लावायची हाताची सवय. कागदावर सगळे लिहिले होते, एवढे सोडून. ती काही बोलली नसती तर कुणाच्या लक्षातही आले नसते. शिंगाड्याचे पीठही काही काळे नसते.

"चूक झाली गोदूबाई," ती म्हणाली. "डब्याले मैदा लावला मी. हा उपासाचा नाही राहिला. तुमी नका खाऊ." आणि तिने बशी आपल्याकडे ओढून घेतली.

मित्रांनो, गोदूबाईंना आयती सुटका मिळाली होती. मान हलवली असती की काम झाले असते. पुढच्या शनिवारपासून कांताबाई आली नसती, आणि कुणी कारणही विचारले नसते. माझी तार थंड होताना टिकटिकत होती, तेवढाच आवाज.

"ठेव ती बशी," गोदूबाई म्हणाल्या.

"अवं, पण उपास..."

"मले उपास नाही वं." त्यांची मान खाली होती. "मांगच्या बारीही नव्हता."

त्यांनी तुकडा उचलला, उलटा केला, आणि जिथे मैदा लागला होता तिकडूनच पहिला घास घेतला. सावकाश चावला. मग म्हणाल्या, "साल किसतानी पांढरं आलं त्याच्यात. कडवट लागून राह्यलं."

"हो," कांताबाई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती. मला रडता येत नाही, पण त्या दिवशी माझ्या काचेवर वाफ धरली होती, एवढे खरे.

जाताना गोदूबाई दारात थांबल्या. "पुढच्या शनिवारी माह्या घरी आहे हा. सकाळीच ये. खाटेवर नोको बसू. आत ये, दोघी मिळून करू."

त्यानंतर सात वर्षे मी पाच घरे फिरलो. मे महिन्यात लाइनीतले कूलर सुरू झाले की वीज मंदावायची आणि माझ्यातला केक हिरमुसून बसायचा. तरी सगळ्या खायच्या. मग बदल्या झाल्या, लाइन पांगली. गोदूबाईंचे यजमान रिटायर झाले, ते उमरेडला निघाले तेव्हा त्यांनी मला स्वतः उचलून कांताबाईच्या स्टुलावर ठेवले. घडी घातलेल्या चादरीसकट.

पुढे माझी तार जळली. ती बदलून देणारा मिळेना. घरात नवा, बटणांचा ओव्हन आला आणि माझ्यात कांदे आले. कांताबाई आता नाही. तिची नात कधीतरी माझी काच बोटाने पुसते, तेव्हा मला बरे वाटते.

माझी तार कुणी बसवून दिली तर मी अजून तापेन. नाही जमले तर राहू द्या, कांदेही मी नीट सांभाळतो. पण मित्रांनो, शेजारच्या घरात कुणी जीव ओतून काही भाजले आणि बशी तुमच्यापुढे धरली, तर ती परत पाठवू नका. उपास असला तर तसे सांगा, त्यात काही वावगे नाही. फक्त तो खरा असू द्या.