चाळीस माणसांचा भात

मी गावकीचा टोप. दोन शब्द बोलायचे आहेत. घाई नसेल तर बसा जरा.

पेणच्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून गोल केलं. बैलगाडीतून रोह्याकडच्या या गावात आलो, तेव्हापासून देवळाच्या पडवीत मुक्काम. माझ्यात एका वेळी शंभर माणसांचा भात शिजतो. मी कुणा एकाचा नाही, गावाचा. बारसं असो की बारावं, दोघे मला उचलून नेतात, घासतात, परत आणून ठेवतात. घासताना खालची बाजू मात्र सगळेच विसरतात. माणसाची सवयच ती, दिसतं तेवढंच घासायचं.

पूर्वी कुणी आगळीक केली, तर गावकीची, म्हणजे गावच्या पंचांची, एक शिक्षा असे. टोप बंद. त्याच्या घरच्या कार्याला मी जायचं नाही. आता कायद्याने ते थांबलं. पण त्याआधी गावातल्या जगनने भावाचं डोकं फोडलं, तेव्हा त्याला टोप बंद झाला होता. नेमकं त्याच महिन्यात त्याच्या लेकीचं, भूमिकाचं लग्न. भात चार लहान भांड्यांत लावला, निम्मा कच्चा राहिला. भूमिका मांडवात मान खाली घालून रडली. नवरदेव आदेश, आमच्या हौसाचा मुलगा, तो कच्चा भात हसत हसत दोनदा मागून जेवला. तो स्वतः स्वयंपाकी, त्याला कळत नव्हतं थोडंच! भात करायला तो माझ्यावरच शिकला होता.

आधी वडखळच्या हॉटेलात होता, मग एका लांबच्या देशात आपल्या वकिलातीत स्वयंपाकाला लागला. वकिलात म्हणजे परक्या मुलखातलं आपल्या देशाचं घर, असं मोरू सांगतो. मोरू गावकीचा पुढारी.

गावात मोबाईलची रेंज पडवीतच लागते. म्हणून हौसा आणि भूमिका रोज दुपारी माझ्याशेजारी बसून आदेशशी बोलतात. मला जग कळतं ते असं.

मागच्या महिन्यात कळलं, त्या देशात पोरंपोरी चौकात नुसती बसली होती. हातात काडीसुद्धा नाही. आमची मतं नीट मोजा, एवढंच म्हणणं. तिथल्या सरकारने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. मग सगळ्या देशांनी म्हणे चिंता व्यक्त केली.

"चिंता आपल्यासारख्यांनी करायची," हौसा म्हणाली. "सरकारांना राग यायला पायजे."

पुढे आपल्या सरकारने तिथला आपला राजदूत परत बोलावला. मोरू खूश. "बघ, केला ना टोप बंद! आता सगळी माणसं परत. आदेश येतोय उद्याच्या विमानानं." हौसाने खोली झाडली. पोराला आवडतो म्हणून सुका जवळा आणून ठेवला.

त्याच दुपारी फोन आला.

"आये, मी इथंच राहू काय?"

साहेब निघून गेले होते. वकिलातीत एक कारकून बाई, एक पहारेकरी आणि आदेश, एवढेच उरले होते. आणि भिंत चढून आत आलेली चौकातली चाळीस पोरं. हे तिघे निघाले की फाटकाला कुलूप लागणार, पोरं बाहेर. बाहेर शिपाई उभे.

मोरू तापला. "बंद म्हणजे बंद! वयनी, सांग त्याला. एकुलता एक हाय तुझा."

भूमिका उठली. "मोरूकाका, तुमी टोप बंद केलात तेव्हा माझा बा दोन्ही टायमाला जेवला. कच्चा भात माझ्या पानात आला. डोकं काय मी फोडलं होतं?"

"अगो, तुझा नवरा हाय तो!"

"म्हणून तर मला ठावं हाय. तो निघायचा नाय."

हौसाने फोन घेतला. तिने कोपर माझ्या काठावर टेकलं. तिचा भार माझ्या तळापर्यंत आला.

"किती माणसं म्हणालास?"

"चाळीस."

"भ्यालेल्या पोटात एकदम भात जात नाय. आधी पेज दे, मीठ घालून. पोरींना पयलं वाढ."

"व्हय, आये."

'ये' असं ती म्हणाली नाही. विमान गेलं.

आता मला कल्हई लावायला कुणी येत नाही. लग्नात केटरर आपली भांडी आणतो. तक्रार नाही, माझं वय झालं. पण तुम्ही शिकलेली माणसं, तुमच्याकडे एक मागणं आहे. रागवा, खुशाल रागवा. आपला माणूस परत बोलवा, चार शब्द सुनवा. फक्त ज्याने मारलं त्याच्या पुढचं ताट ओढा. ज्याला लागलं त्याच्या पुढचं ओढू नका.

काल दुपारी हौसाने विचारलं, "आज किती जेवले?"

"एकोणचाळीस, आये. एकीची आई आली होती. मागच्या दारानं घेऊन गेली तिला घरी."

हौसाने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली,

"जेवून गेली ना रे?"