डेल्सीमावशीचं हसू

डेल्सीमावशी म्हणजे पॅनकेकच्या पिठाच्या खोक्यावरची काळी, जाडजूड, डोक्याला लाल रुमाल बांधलेली बाई. गेली अकरा वर्षं जत्रांतून आणि दुकानांतून व्हर्डेल हॉपगुड तिचं सोंग घेत होती. १९४८च्या उन्हाळ्यात पाय सुजायला लागले, तेव्हा शिकागोच्या कचेरीतला गोरा साहेब म्हणाला, "नवी तयार कर, मग जा."

नवी म्हणजे ऑडेसा. गृहविज्ञानाची पदवीधर, पण काळी म्हणून एकाही कारखान्याच्या प्रयोगशाळेनं तिला दारात उभं केलं नव्हतं. कचेरीतल्याच स्वयंपाकघरात व्हर्डेलनं तिच्या पोटाला उशी बांधली.

"तवा किती तापवायचा, व्हर्डेलबाई?"

"तुला ठाऊक आहे तेवढाच. फक्त मोजताना दिसू नकोस. मावशीला मोजता येत नाही."

"आणि बोलायचं?"

"अडाण्यासारखं. व्याकरण घरी ठेवून येत जा."

हे सगळं अर्ध्या तासात जमलं. हसू जमेना. ते पोटातून निघून तीन टप्प्यांत वर चढायला हवं होतं. गिऱ्हाइकानं थट्टा केली काय, गाल ओढला काय, तेच. ऑडेसाचं हसू दातांशीच अडत होतं.

"अगं, मयतीला आलीयस का?"

"तुम्ही घरी असंच हसता?"

व्हर्डेलनं आठवून पाहिलं. गेल्या नाताळात बहिणीनं पाद्रीबाबांची नक्कल केली होती. सगळे लोळत होते. व्हर्डेलच्या तोंडून बाहेर पडलं ते हेच हसू. बहीण मध्येच थांबली.

"घरी मी हसत नाही," ती म्हणाली.

पोरीला परत पाठवावं, असं तिला वाटलं. पण मग सप्टेंबरपर्यंतच्या सगळ्या जत्रा तिच्याच पायांवर.

"पुन्हा," ती म्हणाली.

सातव्या खेपेला ऑडेसा हसली. पलीकडच्या खोलीतून साहेबाचा आवाज आला, "झकास, मावशी! अस्संच शिकव त्या पोरीला."

तवा धुरकटायला लागला, तसा ऑडेसानं गॅस बंद केला.

"म्हणजे जमलं," ती म्हणाली.

"जमलं."

"आता घरी गेल्यावर हे थांबवायचं कसं?"

"ते मला अजून कळलेलं नाही," व्हर्डेल म्हणाली, आणि पोरीनं आणखी काही विचारायच्या आत तिनं साहेबाला द्यायच्या कागदावर ऑडेसाच्या नावापुढे 'योग्य' लिहून सही केली.