चार दिवसांचा टेकू

मित्रांनो, मला बघून तुम्ही ओळखणार नाही. पालिकेच्या कचेरीत, पाण्याच्या पिंपाशेजारच्या कोपऱ्यात मी भिंतीला टेकून उभा आहे. माझ्या अंगातल्या खिळ्याला लोक छत्री अडकवतात आणि विसरून घरी जातात. मी एक जुना टेकू आहे, पण बिनपायाचा. पाय कसे गेले, ते आज सांगतो.

एका सरळसोट झाडाचा मी वासा. लाकडाच्या वखारीत एका मुकादमाने मला ठोकून पाहिले, एक डोळा मिटून माझी रेघ तपासली आणि म्हणाला, "हा घ्या. हा वाकायचा नाही." तेव्हापासून मी नव्या इमारतींच्या कामावर होतो. छताचे ओले काँक्रीट घट्ट होईपर्यंत आम्ही वासे त्याच्याखाली उभे राहायचो. मग एक दिवस गवंडी आमच्याखालच्या पाचरी ढिल्या करायचे, आम्हाला एकेक करून काढायचे आणि श्वास रोखून वर बघायचे. छत जागचे हलायचे नाही. मुकादम माझ्या पाठीवर थाप मारायचा. टेकू काढला आणि काहीच झाले नाही, याहून मोठी शाबासकी आम्हा टेकूंना ठाऊक नाही.

पुढे मी एका दुमजली घरापाशी आलो. घराला रस्त्याच्या बाजूने लाकडी गॅलरी होती आणि तिला तोलणारी तुळई मधोमध तडकली होती. पालिकेच्या तेव्हाच्या तपासनिसांनी घरमालकांना बजावले, "तुळई बदला. तोवर टेकू लावा. आणि गॅलरीत कुणी बसायचं नाही."

"चार दिवसांत बदलतो, साहेब," मालक म्हणाले.

मला तुळईखाली उभे केले, पायाखाली पाचर ठोकली आणि तपासनीस समाधानाने गेले. चार दिवस झाले, मग चार महिने, मग वर्षे. तपासनीस निवृत्त झाले. भाडेकरूंनी विचारले की मालक म्हणायचे, "बघू." सगळी गल्ली त्यांच्या पाठीमागे त्यांना बघूसाहेबच म्हणायची.

वरच्या मजल्यावर शिलाईमावशी राहत. याच घरात त्या लग्न होऊन आल्या आणि याच घरात एकट्या उरल्या. आतल्या खोलीत उजेड नव्हता, म्हणून त्यांनी शिलाई मशीन गॅलरीत मांडले होते. मनाई होती, पण मनाई करणारा आता होता कुठे? मशीन सुरू झाले की त्याची थरथर तुळईतून माझ्या डोक्यात आणि डोक्यातून पायापर्यंत उतरायची. खरे सांगू? मला ती आवडायची. कुणीतरी आपल्या भरवशावर जगते आहे, असे वाटायचे.

खालच्या खोलीत रंगारीदादा आणि त्यांची लेक चिमी. मुलांचा लपंडाव माझ्यापाशीच चाले. ज्याच्यावर राज्य, तो माझ्या अंगावर कपाळ टेकून, डोळे मिटून आकडे म्हणायचा. चिमी तर आकडे खायची आणि वर शपथा घ्यायची. कुणीतरी पिशव्या टांगायला माझ्यात खिळा ठोकला. घरच्या माणसाला कामे सांगतातच.

मी नुसता बोडका दिसतो, म्हणून मावशींनी माझ्या पायाशी वेल लावली. रोज सकाळी त्या खाली यायच्या, मगभर पाणी ओतायच्या आणि म्हणायच्या, "घे रे बाबा. तू आहेस म्हणून आम्ही आहोत." थोडे पाणी वेलीला जायचे, उरलेले माझ्या पायाशी मुरायचे. एवढ्या मायेने कुणी विचारपूस केली की लाकडालाही नको म्हणवत नाही. पण माझा पाय मऊ पडू लागला होता. मग वाळवी आली. वेलीला फुले आली तेव्हा गल्लीतले लोक थांबून कौतुक करायचे आणि मी आतून भुसा होत होतो.

अशात बातमी आली की पालिकेने गल्लीगल्लीतली घरे तपासायला काढली आहेत. नव्या तपासनीस बाई आल्या होत्या. त्या दारोदार जाऊन भिंती ठोकून पाहत, जिने चढून पाहत, मालकाला मुदत देत आणि मुदत संपली की आठवणीने परत येत. मागच्या गल्लीतले एक घर त्यांनी धोकादायक ठरवून रिकामे करायला लावले. त्या घरातल्या गाद्या आणि भांडी रस्त्यावर आलेली आमच्या लोकांनी पाहिली आणि सगळ्यांचे धाबे दणाणले.

बघूसाहेब लगबगीने आले आणि माझ्यापाशीच उभे राहून म्हणाले, "बाई खडूस आहेत म्हणे. घर धोक्याचं ठरलं तर बाहेर तुम्ही निघाल. माझं काय जातंय? तेव्हा दिसायला सगळं ठाकठीक पाहिजे."

"अहो, पण तुळई बदलायचं म्हणाला होतात ना?" मावशींनी विचारले.

"बघू. आधी हे निभावू द्या."

ते गेल्यावर मावशी पायरीवर बसून राहिल्या. "मी कुठं जाऊ या वयात?" एवढेच म्हणाल्या.

"मावशी, मी आहे ना!" रंगारीदादा म्हणाले. "असं चकाचक करतो, बाईंना वाटेल घर कालच बांधलंय."

तपासणीच्या दिवशी उजाडताच ते डबा आणि ब्रश घेऊन माझ्यापाशी बसले. बाई दुपारनंतर येतील, असा त्यांचा अंदाज होता. खरवडून घेताना माझ्या पायाशी त्यांचा अंगठा आत गेला. अगदी सहज, काही न मोडता. त्यांचा हात थांबला. त्यांनी वर गॅलरीकडे पाहिले. तेवढ्यात मावशी चहाचा कप घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "होईल ना रे नीट?"

दादांनी अंगठा काढून घेतला. "होईल की," ते म्हणाले. मग स्वतःशीच पुटपुटले, "आजचा दिवस जाऊ दे. उद्या सांगू." भोके बुजवायला रंगारी लांबी भरतात, तशी त्यांनी माझ्या पायात लांबी भरली आणि मला डोक्यापासून पायापर्यंत हिरवागार तेलरंग फासला. मित्रांनो, त्या वेळी मला वाचा असती तर मी गल्ली डोक्यावर घेतली असती.

आणि बाई सकाळीच आल्या.

एकच पळापळ झाली. मावशींना वाटले, आपण नेहमीसारखे काम करताना दिसलो तर कुणाला शंका येणार नाही. म्हणून त्या मुद्दाम गॅलरीत जाऊन मशीनवर बसल्या आणि जोरजोरात पाय मारू लागल्या. ती थरथर माझ्या पायापर्यंत पोचली, पण तिथे तिला झेलायला काही उरलेच नव्हते. पायाखालची पाचर कणाकणाने सरकू लागली. मी सगळा जीव डोक्याशी एकवटून उभा राहिलो.

बाईंनी जिना पाहिला, भिंती पाहिल्या. दादा त्यांच्या मागे मागे, "बघा बाई, भिंत कशी खणखणीत आहे," असे सांगत फिरत होते. मग बाई गॅलरीखाली आल्या आणि वर बघता बघता त्यांनी माझ्यावर हात टेकला. तळहात हिरवा झाला.

"ओला रंग?"

"हो, म्हणजे... जरा शोभेला."

"टेकूला रंग?" बाईंनी आधी हाताकडे, मग दादांकडे पाहिले. "चार दिवसांसाठी उभा केलेल्याला कुणी रंगवतं का? किती वर्षं झाली याला?"

बाई खाली बसल्या, वेल बाजूला केली आणि पिशवीतला स्क्रू-ड्रायव्हर माझ्या पायात दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. त्या सावकाश उठल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "वर मशीन कोण चालवतंय?"

त्याच क्षणी चिमी धावत आली. तिच्यावर राज्य होते. तिने डोळे मिटून माझ्यावर कपाळ टेकले आणि म्हणू लागली, "एक, दोन..." दादांनी झेप घेऊन तिला उचलले आणि रस्त्यापलीकडे नेले.

"मावशी! उठा तिथून!" ते तिकडून ओरडले.

"नाही उठायची!" मावशी मशीन न थांबवता म्हणाल्या. "एकदा बाहेर पडले की ही बाई परत घरात येऊ देणार नाही. पाहिलंय मी मागच्या गल्लीत."

"मावशी, अंगठा गेला होता माझा आत! सकाळी! मला ठाऊक होतं!" दादांचा आवाज फाटला.

मशीन थांबले, पण मावशी जागच्या हलल्या नाहीत. बाई जिन्याने वर गेल्या. गॅलरीत त्यांनी पाऊल टाकले नाही. उंबऱ्यात उभ्या राहून हात पुढे केला. मला त्यांचा आवाज तेवढा ऐकू येत होता. "मावशी, घर कायमचं सोडा म्हणत नाही मी. आधी गॅलरी सोडा. दोनच पावलं आहेत. हळू या."

"आणि परत यायला मिळेल?"

"तुळई बदलली की मिळेल. मालकांनी नाही बदलली तर पालिका बदलेल आणि खर्च त्यांच्याकडून घेईल. तोवर तुमच्या दाराला दुसऱ्या कुणाचं कुलूप लागणार नाही. हा माझा शब्द."

वर बराच वेळ काही हालचाल झाली नाही. माझा पाय पिठासारखा पसरत चालला होता. अजून थोडे, मी स्वतःला म्हणालो, मुकादम काय म्हणाला होता, हा वाकायचा नाही. मग एक पाऊल पडलेले मला कळले. मग दुसरे. आणि गॅलरीवरचा तो ओळखीचा भार उतरला.

त्यानंतर मी वाकलो नाही, मोडलो. तुळई, कठडा, मशीन आणि अर्धवट शिवलेले झबले, सगळे माझ्या अंगावर कोसळले. धूळ बसली तेव्हा वर उघड्या दारात दोघी एकमेकींना घट्ट धरून उभ्या होत्या.

बघूसाहेब नोटीस मिळाल्यावरही "बघू" म्हणाले. बाईंनी मात्र वाट पाहिली नाही. पालिकेच्या माणसांनी लोखंडी तुळई बसवली आणि बिल मालकांना पाठवले. तोवर मावशी दादांच्या खोलीत राहिल्या. दादा कितीतरी दिवस त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हते. शेवटी मावशीच म्हणाल्या, "जेव रे आता. मीही त्या मशीनवर बसलेच होते ना?"

माझा हा वरचा तुकडा बाईंनी कचेरीत आणून ठेवला. कुणी मालक मुदत वाढवून मागताना म्हणाला, "बाई, सध्या टेकू लावलाय," की त्या काही न बोलता माझ्याकडे बोट दाखवतात.

घरात परत जाण्याचा दाखला न्यायला मावशी इथे आल्या होत्या. जाता जाता त्यांची नजर माझ्यावर पडली. जवळ येऊन त्यांनी माझ्या अंगावरचा हिरवा रंग नखाने खरवडला, आतले लाकूड चाचपले आणि म्हणाल्या, "उगाच पाणी घातलं रे तुला." मला रडता येत नाही, पण त्या दिवशी आले असते.

मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तू शेवटी सांगतात, आमची काळजी घ्या. मी तसे सांगणार नाही. कुठे एखादा टेकू उभा दिसला, तर त्याला वेल लावू नका, रंग देऊ नका आणि त्याच्यावर कपाळ टेकून आकडे तर मुळीच म्हणू नका. आधी वर बघा. वर काय तडकले आहे, ते मोठ्यांना विचारा, आणि ते "बघू" म्हणाले तर पुन्हा विचारा. ते दुरुस्त झाले की टेकूची पाचर ढिली करा आणि त्याला बाजूला काढा. काही पडले नाही, तर त्याच्या पाठीवर एक थाप मारा. मला ती परत मिळायची राहून गेली.