सुनेची फुंक

तोंडचं पाणी पळालं असं आपण म्हणतो, पण ते नाकावाटे पळताना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या सुनेचं. तिची वरची दाढ नुकतीच काढली होती. जेवताना तिने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि डाव्या नाकपुडीतून धार लागली. माझा मुलगा हसला. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो आपलं ताट उचलून स्वयंपाकघरात गेला. सून मात्र हसली नाही. तिने नाक पुसलं, गाल फुगवले, आणि भरलेली हवा नाकातून सूं करत निघून गेली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला.

माझी सून काच फुंकते. प्रयोगशाळांना लागणारे गोल बुडाचे चंबू आणि वळणावळणाच्या नळ्या तिच्या कारखान्यात हाताने बनतात. ती तिथे भांडी धुवायला म्हणून लागली, आणि जेवणाच्या सुट्टीत तुटक्या नळ्यांवर हात बसवत बसवत मोठ्या यंत्रापर्यंत पोचली. त्या यंत्रावर जाड काचेची नळी आडवी फिरत राहते, खाली ज्योत असते आणि फुंकणाऱ्याच्या तोंडात एक रबरी नळी. काच मऊ झाली की फुंकायचं, एकसारखं. श्वास अडखळला की काच खचून बसते आणि माल भंगारात जातो. असं यंत्र कारखान्यात एकच आणि ते तिच्याकडे होतं. त्यासाठी तिने काय काय सोसलंय ते मी बघितलंय, म्हणून मी तिला लगेच दाढ काढणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे दाखवला. दाढेचं मूळ वर सायनसच्या पोकळीला टेकलेलं होतं, ते निघालं आणि तिथे भोक राहिलं.

"लहान आहे, भरून येईल," त्या म्हणाल्या. "तोवर फुंकायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, स्ट्रॉने काही प्यायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं."

सून सगळं ऐकून आली आणि तसंच वागली. शिंकताना ती तोंड असं वासायची की घरातले सगळे बाजूला व्हायचे.

तरी भोक भरेना. टाके घातले, ते उसवले. औषधं झाली, पुन्हा टाके झाले, पुन्हा तेच. गाल जड, डोळ्याखाली ठणका, आणि चहा प्यायला तरी एक थेंब नाकाच्या शेंड्याशी हजर. येईल तो सल्ला देऊन जाई. एक म्हणे मिठाच्या गुळण्या, दुसरी म्हणे लवंग, तिसरी म्हणे दाढ काढायलाच नको होती. त्या तिसरीला मी चहा विचारला नाही.

"तुम्ही नक्की फुंकत नाही ना?" डॉक्टरीणबाईंनी एकदा बारीक डोळे करून विचारलं.

"कारखान्यात पाऊलसुद्धा टाकलं नाही," सून म्हणाली. ते खरंच होतं.

मग एक दिवस मालक घरी आले. माणूस वाईट नाही, पण बायकोपुढे त्याचं काही चालत नाही, आणि बायकोचा भाऊ त्याच कारखान्यात कामाला आहे.

"वहिनी, मोठ्या चंबूंचं काम दोन-तीन महिन्यांत सुरू होतंय," ते खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले. "तोवर तुम्ही बऱ्या झालात तर उत्तमच. नाहीतर यंत्र कायमचं मेहुण्याला द्यावं लागेल. तुमच्यासाठी धुण्याच्या टेबलावर जागा आहे."

"त्याचे चंबू म्हणे भोपळ्यासारखे होतात," मी म्हणाले.

"आई!" सून म्हणाली.

"होतात," मालक खाली बघत म्हणाले. "पण त्याला फुंकता तरी येतं."

ते गेल्यावर सुनेने त्यांची खुर्ची उचलून भिंतीशी ठेवली. धुण्याचं टेबल! जिथून ती एवढ्या वर्षांत वर आली, तिथेच पुन्हा. माझं डोकं तापलं होतं, पण रागवायचं कोणावर? दाढेवर?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड धुवायला गेले तर ही बेसिनपाशी उभी. नाकाखाली हातातला छोटा आरसा धरलेला, गाल फुगवलेले. आरशावर वाफ धरली. तिने ती बोटाने पुसली आणि पुन्हा गाल फुगवले.

"हे काय चाललंय?"

"तपासते, आई."

"काय तपासतेस?"

"गळती." हे ती इतक्या सरळपणे म्हणाली की मला क्षणभर माझंच काही चुकलं असं वाटलं. "आमच्याकडे कुठलंही भांडं तपासल्याशिवाय पुढे जात नाही. एक तोंड बंद करायचं, दुसरीकडून हवा भरायची, कुठून सुटते ते बघायचं. मी रोज सकाळ-संध्याकाळ बघते, भरलं की नाही ते."

"अगं, तुला फुंकू नकोस म्हणून बजावलंय ना?"

"ही फुंक नाही आई, तपासणी आहे!"

मी कपाळावर हात मारून घेतला. ती खोटं बोलत नव्हती. तिच्या लेखी फुंक म्हणजे जिने काच फुगते ती. बाकी सगळी नुसती हवा. म्हणजे इतके दिवस वर जो काही नाजूक पापुद्रा धरत होता, तो ही बाई रोज आपल्याच गालांनी फोडत होती, आणि फुटला म्हणून रडत होती! मग माझ्या तोंडाचा जो पट्टा सुटला तो शेजारपाजाऱ्यांनी ऐकला. मुलगा अर्धी दाढी करून बाहेर आला आणि तसाच आत गेला. सून स्टुलावर बसून मुसमुसायला लागली, तेव्हा कुठे मी तिला जवळ घेतलं.

डॉक्टरीणबाई आधी हसल्या, मग गंभीर झाल्या. या वेळी त्यांनी गालाच्या आतली कातडी ओढून भोकावर घट्ट शिवली.

"मी सांगेपर्यंत तपासणी बंद," त्या म्हणाल्या. "आजी, लक्ष ठेवा."

हे मला सांगायची गरज नव्हती. घरातले लहान आरसे मी माझ्या कपाटात टाकले, पण हवा कुठून सुटते हे कळायला तिला आरसा लागतो थोडाच! मी आपली तिच्या गालांवर नजर ठेवून. भाजी चिरताना, टीव्ही बघताना, फोनवर बोलताना, जरा गाल हलला की मी खाकरायची. बिचारीच्या नाकी नऊ आले. एकदा तर काकुळतीला आली.

"एकदाच बघते ना आई. अगदी हळूच."

"तुझा गरम चंबू हळूहळू निवायला भट्टीत ठेवलास की मधेच दार उघडून बघतेस?"

"नाही. तडकेल ना."

"मग?"

त्यानंतर तिने विषय काढला नाही, पण न बघता बसणं तिला टाक्यांपेक्षा जास्त दुखत होतं, हे मला दिसत होतं. मला तिचा फार अभिमान वाटला. तो मी तेव्हा बोलून दाखवला नाही, आता सांगते.

टाके काढून पुष्कळ दिवस झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिला आधी पाणी प्यायला लावलं. नाक कोरडं. मग त्या म्हणाल्या, "आता गाल फुगवा."

आणि आमची सून, जी इतके दिवस चोरून फुगवायची, ती माझ्याकडे बघायला लागली.

"नक्की?" तिने विचारलं.

"नक्की."

तिने गाल फुगवले. ते तसेच टम्म राहिले. डॉक्टरीणबाईंनी नाकाखाली बोट धरलं, वाट बघितली आणि हसल्या. सून हवा सोडायचंच विसरली होती.

मोठ्या चंबूंच्या दिवशी मी हट्टाने तिच्याबरोबर गेले. मालकांनी दाराशी खुर्ची दिली, ती मी नाकारली. यंत्रापाशी मेहुणा होता आणि त्याच्या शेजारच्या डब्यात सकाळपासूनचे भोपळे. सुनेने काळा चष्मा लावला, नळी यंत्रावर चढवली, ज्योत मोठी केली. सगळ्यांचं काम थांबलं होतं. कोणी काचेकडे बघत नव्हतं, सगळे तिच्या नाकाकडे बघत होते. मीसुद्धा.

काच लाल झाली, लोंबायच्या बेताला आली. तिने फुंकलं. काच फुगायला लागली, हळूहळू, सगळीकडून सारखी. तिचे गाल ताठ, खांदे सैल, नजर काचेवर. मी माझा श्वास कधी रोखला मला कळलंच नाही. माझं वय रोखून धरण्याचं नाही, मला खोकला आला, तरी तिने वळून बघितलं नाही. चंबू वाढत वाढत एवढा झाला की मला दोन्ही हातांच्या कवेत धरावा लागला असता, आणि गोल म्हणजे असा गोल की मेहुण्याच्या तोंडूनसुद्धा "वा!" निघालं. मी उघड उघड रडले. लाज कसली त्यात?

तिने चंबू उतरवला, भट्टीत ठेवला आणि दार लावून घेतलं.

"छान झालाय, वहिनी," मालक चाचरत म्हणाले. "पण निवू दे. गळती तपासू, मग यंत्राचं ठरवू."

"तपासा की," सून म्हणाली. तिने नवी नळी उचलली आणि यंत्राला टेकून उभ्या असलेल्या मेहुण्याला म्हणाली, "जरा सरका भाऊ. मी तोवर दुसरा घेते."

मेहुणा सरकला.