नऊ सोमवारांची डिलिव्हरी

घरबसल्या कामं मिळवून देणाऱ्या साइटवर सोनियाच्या प्रोफाइलला तेवीस कामं होती आणि तेवीसच्या तेवीस पाच ताऱ्यांची. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, बारशाचे हलणारे फोटो, आणि एका आजोबांच्या तीनशे पानी आत्मचरित्राचं टायपिंग, ज्यात आजी फक्त दोनदा आली होती. लासूर स्टेशनला घरी दिवाळीत तिनं बापाला ठणकावून सांगितलं होतं, "दादा, आता मला पैसे पाठवू नका." त्यावर थोरला भाऊ सुदर्शन "बघू किती दिस" असं म्हणून मिशीत हसला होता. ते हसू तिच्या डोक्यात बसलं होतं. बजाजनगरात यमुनाकाकूंच्या वरच्या खोलीचं भाडं, मेस, कॉलेजची फी, सगळा संसार त्या ताऱ्यांवर चालला होता. एक जरी तारा गळाला तरी साइट माणसाला यादीत तळाला ढकलते. मग काम नाही, आणि सुदर्शनला फोन करणं आलं.

चोविसावं काम डॅलसहून आलं. मंजुषाताई मूळच्या समर्थनगरच्या, अमेरिकेत तीस वर्षं. मुलाचं, अभयचं, लग्न जमावं म्हणून त्यांनी सोळा सोमवार धरले होते आणि उद्यापनाची पत्रिका हवी होती. सोनियानं पिंड, बेलाची पानं, सोनेरी अक्षरं असं सगळं झोकात करून दिलं. ताईंचा फोन आला.

"पत्रिका सुंदर झालीय गं. एकच अडचण आहे. सोमवार सातच झालेत."

"मग तारीख पुढं घालू का, ताई?"

"हॉल घेतलाय ना. आणि मला आता शुगर निघाली, डॉक्टर उपाशी राहू देत नाहीत. नऊ राहिलेत. तू करतेस का? एका सोमवारचे हजार देईन."

सोनियाला आधी चेष्टा वाटली. मग आठवलं की मेसमध्ये सोमवारी दोडकं असतं, आणि त्या दिवशी तसंही ती अर्ध्या पोटीच उठते. तरी ती यमुनाकाकूंना विचारायला खाली गेली. काकूंच्या आठवड्यात जेवणाचे वार शोधावे लागत. आवाज इतका हळू, की दूधवाला त्यांच्या ओठांकडं बघून लिटर ठरवायचा.

"आजारी माणसाचं व्रत दुसऱ्यानं केलेलं चालतं," काकू म्हणाल्या. "संकल्प त्यांच्या नावानं सोडायचा. पोट मात्र खरंच रिकामं हवं. चोरून बिस्कीट खाल्लंस तर मी काही बोलणार नाही. पण मला कळेल."

साइटवर उपवासाचा विभाग नव्हता. सोनियानं काम 'व्हर्च्युअल असिस्टंट'मध्ये टाकलं. भूक मात्र अस्सल निघाली. पहिल्या सोमवारी लॅबमध्ये तिला एकाच्या दोन स्क्रीन दिसल्या. तिसऱ्या सोमवारी कॉलेजच्या गेटवरचा वडा तिला दुसऱ्या मजल्यावर ऐकू आला. दर सोमवारी संध्याकाळी ती पूजा करायची, चुरम्याचा चिमूटभर प्रसाद खायची, फोटो डॅलसला पाठवायची, आणि उपवास सोडायची थेट मंगळवारी उजाडल्यावर. सहाव्या सोमवारपासून तर अभयचं लग्न व्हावं असं तिला मनापासून वाटायला लागलं. एवढ्या भुकेत माणूस कुणाचंही भलं चिंततो.

नववा सोमवार पार पडला. मंगळवारी सकाळी सातला तिनं मैत्रिणीला घेऊन मिसळीची गाडी गाठली, तर्रीवर मूठभर कांदा घेतला आणि फोटो स्टेटसला टाकला, 'सुटले'.

दुसरा पाव येईस्तोवर डॅलसचा फोन आला.

"हे काय खातेयस? आज सोमवार आहे."

"ताई, आज मंगळवार हाये."

"तुझ्याकडे. माझ्याकडे सोमवारचे रात्रीचे साडेआठ वाजलेत." ताईंचा आवाज चढला. "थांब. म्हणजे तू सोमवारी सकाळी संकल्प सोडतेस तेव्हा माझा रविवार असतो. नऊच्या नऊ उपवास रविवारी सुरू झालेत. सुरुवातीचा भाग सूर्याला गेला, शेवटाला मिसळ. शंकराला काय मिळालं?"

"कैलास आमच्याच बाजूला हाये ना, ताई."

हे बोलायला नको होतं. तासाभरात साइटवर तक्रार दाखल झाली. पैसे परत, आणि वर एका ताऱ्याची धमकी. साइटच्या मदतकेंद्रातून नम्र मेल आला, 'आपण केलेले उपवास पीडीएफ किंवा झिप स्वरूपात, पंचवीस एमबीच्या आत अपलोड करावेत.' सोनियानं कळवलं, पोटात काही नसणं हेच काम होतं. उत्तर आलं, 'आपला त्रास आम्ही समजू शकतो. अठ्ठेचाळीस तासांत फाइल न आल्यास ऑर्डर रद्द होईल.'

संध्याकाळी ती काकूंपुढं जाऊन बसली. "काकू, तारा गेला की मी लासूरला गेले म्हणून समजा."

काकूंनी सगळं ऐकलं, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "लाव फोन. तोंड दिसतं तो."

ताई पडद्यावर आल्या, हातात कॉफी. काकूंचं बोलणं ऐकू यावं म्हणून ताईंना कान फोनला लावावा लागला, त्यामुळं पुढचा बराच वेळ पडद्यावर नुसती कानातली कुडी दिसत होती.

"ताई, तुमचं बरोबर आहे. पैसे परत घ्या," काकू म्हणाल्या.

"ओ काकू," सोनिया म्हणाली.

"थांब गं. एवढंच सांगायचं होतं, दुसऱ्याकडून व्रत करवून घेतलं की दक्षिणा द्यावी लागते. नाही दिली, तर फळ करणाऱ्याकडंच राहतं."

"राहू दे की. तिला चांगला नवरा मिळेल."

"तेच म्हणते. पण नाव अभयचं घेतलंय. नऊ वेळा. फळ पडायचं हिच्या पदरात, आणि त्यावर नाव त्याचं."

कुडी बाजूला झाली. तिच्या जागी पडद्यावर ताईंचा डोळा दिसला. त्यांनी सोनियाला पहिल्यांदा नीट पाहिलं, चपचपीत तेल, ढगळ ट्रॅकपँट, मागं दोरीवर वाळणारे मोजे.

"ही वीसेक वर्षांची असेल. अभय चौतिसाचा आहे. असं कसं होईल?"

"महादेव वय बघत नाहीत हो. स्वतःच्या वेळी तरी कुठं बघितलं."

"मला नको हां," सोनिया घाबरून म्हणाली. "माझे अजून दोन सेमिस्टर राहिलेत."

"तुला कोण विचारतंय?" काकू मऊपणे म्हणाल्या.

फोन बंद झाला. अकराव्या मिनिटाला तक्रार मागं घेतली गेली, नऊ हजार सुटले आणि वर पाचशे एक, 'दक्षिणा' असं स्वच्छ लिहून. पाच तारे. खाली अभिप्राय, 'काम पूर्ण. मोबदला पूर्ण. दोन्ही बाजूंचा कुठलाही संबंध शिल्लक नाही.'

सोनियानं तो अभिप्राय काकूंना दोनदा वाचून दाखवला. मग हळूच विचारलं, "काकू, हे पोथीत लिहिलंय का खरंच?"

"दक्षिणेचं लिहिलंय."

"आन् नवऱ्याचं?"

काकूंनी डोळे मिटले आणि त्यांचे ओठ नामस्मरणात हलू लागले. त्या वेळी त्यांच्याशी बोलायचं नसतं.

वर जाताना सोनियाचा फोन वाजला. मस्कतहून कुणी आवडाबाई विचारत होत्या, संकष्ट्या कराल का, वर्षभराच्या? सोनिया जिन्यातच बसली आणि लिहिलं, 'करते. आधी सांगा, तुमच्याकडं किती वाजले?'